महामार्गसाहेब, मुदत वाढवून मिळेल!

रा. रा. भारत-म्यानमार-थायलंड त्रिपक्षीय महामार्ग यांस,


आपला जन्म 2002 सालचा. यांगूनला तीन देशांचे मंत्री बसले आणि मणिपूरमधल्या मोरेपासून थायलंडमधल्या माए सोटपर्यंत आपण सुमारे 1,360 किलोमीटर पसरायचे ठरले. आता आपण विशी ओलांडली. आमच्याकडे या वयाच्या पोराला चारचौघांत ‘सध्या काय करतोस?’ विचारून घाम फोडतात. आपल्याला विचारायची कुणाची छाती नाही, कारण आपण कायम ‘प्रगतिपथावर’ असता.

2012 मध्ये मनमोहन सिंग म्यानमारला गेले तेव्हा 2016 चा वायदा झाला. पुढे डिसेंबर 2019 सांगण्यात आले. 2023 मध्ये आमच्या नागपूरच्या गडकरींनी सत्तर टक्के काम झाल्याचे जाहीर केले. मुंबई-गोवा रस्त्यावर केस पांढरे झालेल्या कोकणी माणसाला या टक्क्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

तामू ते कालेवा हा आपला म्यानमारमधला तुकडा तर आमच्या सीमा सडक संघटनेने 2001 मध्येच, म्हणजे आपल्या बारशाआधी, बांधून दिला होता. त्यावरचे 69 पूल तेवढे राहिले. त्यातले बरेचसे दुसऱ्या महायुद्धातले. वजनदार ट्रक आला की ड्रायव्हर आधी पुलाकडे बघतो, मग देवाकडे. ते बदलायचा ठेका दिला, काढून घेतला, मग कोर्टकचेरी. याच कालेव्याला डिसेंबर 1944 मध्ये ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याच्या इंजिनिअरांनी चिंद्विन नदीवर 1,154 फुटांचा बेली पूल टाकला होता. तेव्हा जगात तेवढा लांब बेली पूल दुसरा नव्हता. समोर जपानी सैन्य असल्याने बिचाऱ्यांना निविदा काढायला सवड मिळाली नसावी.

फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि आपल्या वाटेवर बंदुका आल्या. हा काही आपला दोष नव्हे, मान्य. पण सीमेच्या अलीकडे काय चालले आहे? इंफाळ ते मोरे जेमतेम 110 किलोमीटर. थौबल, पालेल, तेंगनौपालचा घाट, की आलेच मोरे. मे 2023 मध्ये मैतेई-कुकी संघर्षात मणिपूर पेटले आणि तेव्हापासून इंफाळ खोऱ्यातला मैतेई मोरेला जायला धजत नाही, मोरेचा कुकी इंफाळला. बँकॉकचे राहू द्या.

आणि गंमत बघा. आपला पत्ता नव्हता तेव्हाही मोरेची माणसे सकाळी फाटक ओलांडून तामूकडच्या नाम्फालाँग बाजारात जात, चपला-ब्लँकेटांची गाठोडी घेऊन परत येत. त्यांना चौपदरी काही लागत नव्हते. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने ही मोकळी ये-जा बंद करायचे आणि 1,643 किलोमीटरच्या सीमेवर कुंपण घालायचे जाहीर केले. म्हणजे हजारभर किलोमीटर रस्ता सीमा जोडायला आणि त्याहून लांब तार ती तोडायला. दोन्ही कामांत पैसा आम्हा करदात्यांचाही.

आपल्याला लाओस, कंबोडिया, व्हिएतनामपर्यंत वाढवायचाही प्रस्ताव आहे म्हणे. खुशाल वाढा. नवी तारीखही घ्या, आम्ही काही म्हणणार नाही. फक्त त्याआधी इंफाळचा माणूस मोरेला आणि मोरेचा माणूस इंफाळच्या दवाखान्यात सुखरूप पोहोचेल, एवढे आपल्या मालकांना करायला सांगा.

आपला,
एक ताटकळलेला प्रवासी