अडगळ-संग्रह-भेद-विचार

निरुपयोगी वस्तू माळ्यावर गेली की अडगळ, काचेत गेली की संग्रह. हा भेद नेमका पडतो कशाने? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात तीन तास आणि दोन्ही गुडघे खर्ची घालून प्रस्तुत लेखकाने या प्रश्नाचा निकाल लावला आहे. संग्रहालय १६८३ सालचे. प्रवेश फुकट, त्यामुळे संशोधनाला निधीची अडचण आली नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, वय झाले की संग्रह. तसे असते तर आमचा पितळी स्टोव्ह, ज्याचा वायसर कधीच गेला, आज माळ्यावर पालथा पडला नसता.

आता उत्तरपक्ष. पार्लमेंट दारूने उडवायला निघालेला गाय फॉक्स १६०५ साली पकडला गेला, तेव्हा त्याच्याजवळ होता म्हणतात तो कंदील इथे आहे. लोखंडी, काळपट. आमच्या आजीने तो दुसऱ्या विचाराशिवाय मोडीत घातला असता. पुढे राजा आल्फ्रेडचे नाव कोरलेला, अंगठ्याएवढा सोन्याचा दागिना. बहुतेक विद्वानांच्या मते ही पोथीतल्या ओळीवर फिरवायच्या काडीची मूठ. काडी गेली, मूठ उरली; छत्र्यांच्या बाबतीत आपल्याकडे हे दर पावसाळ्यात घडते.

पण मुख्य पुरावा ‘मसीहा’ व्हायोलिन. स्त्रादिवारीने १७१६ साली केलेले. पुढच्या एका मालकाने त्याच्या बढाया वर्षानुवर्षे मारल्या, पण दाखवले कधीच नाही. ज्याची नुसती वाट बघायची ते, म्हणून हे नाव पडले. वाजवणे जवळजवळ झालेच नाही, म्हणून अंगावरचे व्हार्निश अजून नव्यासारखे. लग्नात आलेला, ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून कपाटात राहिलेला कपबशांचा सेट आठवावा.

संग्रहाचे मूळही घरगुतीच आहे. यातल्या मूळ वस्तू ट्रॅडेस्कंट नावाच्या बागाईतदार बापलेकांच्या. अ‍ॅशमोलने लेकाच्या विधवेशी कोर्टकज्जा करून त्या मिळवल्या. मग त्या विद्यापीठाला दान दिल्या आणि नाव स्वतःचे लागले.

तेव्हा सिद्धान्त असा: वस्तूने काम सोडलेले असावे, आणि ते कसे सुटले हे सांगणारी पाटी शेजारी असावी. अख्ख्या इमारतीत अजून कामावर असलेली एकच चीज मला आढळली, ती म्हणजे बसायचा बाक. त्याला पाटी नाही.

स्टोव्हची पाटी लिहायला घेतली आहे. कुणाकडे जुना वायसर असल्यास कृपया पाठवू नये. तो पेटला तर पात्रता जाईल.