धडगाव, व्हाया लेस्टर

नंदुरबारला सुरतेची गाडी धरलीत, तर नवापूर यायच्या आत समोरचा तुमचं गाव, पगार आणि लग्न कुठं अडलंय हे विचारून मोकळा होतो. लेस्टरमध्ये लोक ‘कसे आहात?’ विचारतात आणि उत्तर यायच्या आत निघून जातात. पदवीच्या विद्यार्थ्यानं सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून जास्त काम करायचं नाही, असं ब्रिटनचा व्हिसा बजावतो. मैत्रीला अशी मर्यादा नाही. तिला गिऱ्हाईकच नाही.

शेवटी तिथं शिकायला गेलेल्या आमच्या गल्लीतल्या पोराच्या मदतीला धावली ती आईनं बांधून दिलेली नंदुरबारची लाल मिरची. फोडणी पडली, धुराचा अलार्म कोकलला आणि अख्खी इमारत खाली उतरली. त्या गर्दीत एक जण निघाला सातपुड्यातल्या धडगावचा. पोरगा फोनवर गहिवरला, ‘आई, आपला माणूस भेटला!’

हा आपला माणूस पाच वर्षं आमच्याच गल्लीच्या टोकाला, वसतिगृहात राहून शिकत होता. त्याला कुणी चहाला बोलावल्याचं गल्लीला आठवत नाही. सातपुड्याचा घाट काही आम्हाला चढवला नाही. बिचाऱ्या मैत्रीलाच लेस्टरमार्गे यावं लागलं.