फी माफ, आता परवानगी द्या

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव. इथून बडोद्याला शिकायला गेलेला हा मुलगा गणितात रमला. पुढे १९५९ मध्ये त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, ते बायकांच्या हाती सोपवून. त्या विनोबांच्या रायगडात आजही गणितात हुशार मुलीला सल्ला मिळतो: "बी.ए. कर, जाऊन-येऊन होईल." भाऊ मात्र काठावर पास झाला तरी इंजिनीअरिंगला जातो, प्रसंगी कर्ज काढून.

फीला पैसे नाहीत ही सबब आता पुरत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही.

मग घोडं अडतं कुठे? खोलीभाडं, मेस, एसटीची शेवटची गाडी आणि "एकटी कशी राहील?" यातलं काहीही फीमाफीत येत नाही. सरकारने फी सोडली, तशी तालुक्याच्या गावी मुलींची वसतिगृहंही बांधावीत, नाहीतर निर्णय अर्धाच राहतो. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे. ती मिळाली, तर खोली-मेसचा बराच भार हलका होतो.

राहिला प्रश्न लांब पाठवण्याचा. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात आहे. डोलवीला पोलाद, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्स, धाटावला रसायनं. गावातले पुरुष तिथे कंत्राटावर राबतात. त्याच कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये गावची मुलगी इंजिनीअर म्हणून का बसू नये?

१९७४ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, इंजिनीअर भरतीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि नोकरी मिळवली. आज बहुतेक मुलींना पत्र कंपनीला लिहावं लागत नाही. त्यांना बापाशी बोलावं लागतं, आणि ते जास्त अवघड आहे.

तेव्हा बाबांनो, सायन्सला गेलेल्या लेकीचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअरही. आणि कॅपचा फॉर्म भरताना कॉलेजांचा क्रम तिला ठरवू द्या.