मी काही बोलत नाही

महालक्ष्म्या तीन घरांत फिरवायच्या, हा ठराव मोठ्या काकूंनीच मांडला. "आता माझ्याच्यानं होत नाही. एक वर्ष सावेडी, एक वर्ष चिंचवड, एक वर्ष शेवगाव. मुखवटे ज्याचा नंबर त्याच्या स्वाधीन. मी आपली पाहुण्यासारखी येईन, हळदीकुंकू लावून घेईन, जेवीन आणि जाईन." तिन्ही भावांनी माना डोलावल्या, तिन्ही जावांनी एकमेकींकडे पाहिलं, ठराव पास झाला. तेव्हापासून काकू खरोखर पाहुण्यासारख्या येतात. आवाहनाच्या आठ दिवस आधी.

यात सरकारचाही थोडा हात आहे. २०२२ साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली आणि काकूंच्या वाटेतला शेवटचा अडसर गेला. शेवगावहून सकाळची गाडी, तिसगाव, मग करंजी घाट, दुपारच्या आत आमच्या सावेडीच्या दारात. हातात कापडी पिशवी. पिशवीत काळ्या मसाल्याची बरणी, आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ, फुलोऱ्याच्या करंज्या बांधायला दोरा. "तुमच्याकडे असेलच सगळं, पण असू द्या," असं म्हणत त्या पिशवी थेट ओट्यावर ठेवतात. पाय धुतात ते नंतर.

आणि मग सुरू होतं त्यांचं न बोलणं.

"मी काही बोलत नाही" हे काकूंच्या कुठल्याही बोलण्याचं पहिलं वाक्य असतं. "मी काही बोलत नाही, पण आडण्यांना गंज चढलाय." "मी काही बोलत नाही, तुझ्या घरी तुझी रीत, पण थोरली उजवीकडे असते." आई बिचारी पंचवीस वर्षं ज्येष्ठा-कनिष्ठेची उजवी-डावी बाजू विसरलेली नाही. काकू समोर उभ्या राहिल्या की मात्र तिला स्वतःचा उजवा हातही तपासून पाहावासा वाटतो.

सांगायचं फारच टोचणारं असेल तर काकू जावांना नव्हे, मुखवट्यांना सांगतात. पदर सावरून समोर बसतात आणि हात जोडून म्हणतात, "बायांनो, गोड मानून घ्या. यंदा मोदक साच्यातले आहेत." देवीपुढे केलेल्या तक्रारीला उत्तर देता येत नाही, ही सोय काकूंनी बरोबर हेरली आहे.

खरा रंग चढतो सोळा भाज्यांना. हल्ली बाजारात सोळा भाज्यांचा तयार वाटा मिळतो, आई तोच आणते. काकू जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो वाटा उलगडतात आणि चष्मा लावून मोजणीला बसतात. दोडका, गिलकं, भेंडी, गवार. लाल भोपळा आणि दुधी भोपळा हे दोन. अळू आलं. कोथिंबीर बाद, कारण ती भाजी नाही, भाजीवर घालायची असते. हिरवी मिरचीही बाद. आकडा चौदावर अडतो. एका वर्षी चिंचवडच्या धाकट्या काकूंनी मोठ्या हौशीने पनीर आणि मश्रूम आणले होते. काकूंनी दोन्ही पुड्या शांतपणे बाजूला सारल्या. "पनीर म्हणजे दूध. आणि हे दुसरं आमच्याकडे पावसाळ्यात उकिरड्यावर येतं. मी काही बोलत नाही." त्या रात्री साडेनऊ वाजता मी टॉर्च घेऊन शेजाऱ्यांच्या परसात शेवग्याचा पाला तोडत होतो.

पुरणाचं तर विचारूच नका. आई डाळ कुकरला लावते, पुरणयंत्रातून काढते, काम चोख असतं. काकू लांब खुर्चीवर बसून माळ ओढत असतात. गुळाचा पाक सुटून पुरण पातेल्याच्या कडा सोडू लागलं, की माळ थांबते. काकू उठतात, उलथणं हातात घेतात, पुरणाच्या मधोमध उभं रोवतात आणि हात काढून घेतात. स्वयंपाकघरात सगळे श्वास रोखून बघतात. उलथणं ताठ उभं राहिलं तर काकू म्हणतात, "वळण आमच्या घरचं आहे." कललं तर म्हणतात, "माहेरची सवय जाता जात नाही." कौतुकाची गाडी शेवगावला लागते, दोषाची थेट आईच्या माहेरी, संगमनेरला.

काकू काही जुन्याला चिकटून बसणाऱ्या नाहीत, हेही सांगायला हवं. २०२४ साली अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, ते त्यांनी आठवड्याभरात पचवलं. आईने एकदा कटाच्या आमटीत पाकिटातला मसाला घातला होता, ते मात्र अजून पचलेलं नाही.

देव वाटून घेण्यावरून आमच्यापेक्षा मोठी घराणी अडकली आहेत. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेची सेवा वाटून घेतलेली होती. आपल्या वाट्याच्या दिवसांत देव आपल्या घरी न्यायचा की नाही, यावरून भांडण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं. १९२५ साली तिथल्या न्यायमूर्तींनी सांगितलं की देवाचीही इच्छा विचारात घ्या, आणि ती मांडायला देवाच्या वतीने एखादा त्रयस्थ माणूस नेमा. आमच्याकडे ही नेमणूक फार पूर्वीच झालेली आहे. त्रयस्थपणाचं तेवढं सोडून द्या.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हे कुणाला नवीन नाही. चेअरमनपद मुलाला देऊन मोकळे झालेले म्हातारे मीटिंगला येतात आणि नेमके मधल्या खुर्चीत बसतात, तसंच हे. शेवगावचा नंबर असला की काकू आम्हाला वाटीसुद्धा उचलू देत नाहीत. सवाष्णींना आमंत्रणं त्याच देतात, फुलोरा त्याच बांधतात, सोवळ्याचा स्वयंपाक एकहाती उरकतात. आई आणि धाकट्या काकू नव्या साड्या नेसून बैठकीत पंख्याखाली अवघडून बसतात. आणि रात्री पायाला तेल चोळताना काकू म्हणतात, "तिघींचं कार्य, पण पडतं सगळं माझ्यावर."

एवढं असून मुखवटे त्यांनी खरंच सोडले. कोथळ्या दिल्या, आडण्या दिल्या, चांदीची ताटं दिली. ठेवल्या फक्त नथी. आजेसासूबाईंच्या मोत्यांच्या दोन नथी काकूंच्या कपाटात असतात, आणि नाकात नथ नसली तर महालक्ष्म्या उभ्या करता येत नाहीत. थोडक्यात, काकू पोचल्याशिवाय देवी कुठल्याच घरी येत नाही.

ही मेख शेवटी ओळखली ती धाकट्या काकूंनी. आपला नंबर यायच्या आधी त्यांनी पुण्यात लक्ष्मी रोडवरून हुबेहूब तशाच दोन नथी करून घेतल्या आणि मोठ्या काकूंना पाया पडून दाखवल्या. म्हणाल्या, "तुम्हाला या वयात जोखीम नको, म्हणून." काकूंनी नथी तळहातावर घेतल्या, उजेडात धरल्या, मोती नखाने फिरवून पाहिले. चेहऱ्यावर खरं समाधान दिसलं.

"सुरेख झाल्यात गं. धाकटीला घाल. एका वर्षी ही, एका वर्षी ती. थोरलीला काय, माझीच लागते."