अडीच-अडीच वर्षं

“काकू, शेवग्याच्या शेंगा काढल्यात, धरा.” एवढंच म्हटलं मी, तर काकूंनी शेंगा घेऊन कुंपणाच्या खांबाला कोपर टेकवलं. म्हणजे माझ्या भाताची शिटी गेलीच.

“काय गं, ते तुमच्या मालवणाकडचं कोण ते आयर्लंडात पंतप्रधान झालेलं, आहे का अजून?”

“लिओ वराडकर. माझं माहेर कुडाळ, ते पलीकडे वराडचे. वडील डॉक्टर, साठच्या दशकात विलायतेला गेले. आई तिकडचीच, नर्स. २०१७ला ३८व्या वर्षी पंतप्रधान झाला आणि २०२४ला सोडून मोकळा.”

“पाडलं कुणी?”

“कुणी नाही. आपणहून म्हणाला, आता पुरे.”

काकूंना हे पटलं नाही. खुर्ची आपणहून सोडणाऱ्या माणसाच्या तब्येतीबद्दलच त्यांना शंका येते.

“पण काकू, खरी गंमत मधल्या काळातली. आपल्या मुंबईत २०१९ला काय झालं, आठवतंय ना?”

“न आठवायला काय झालं! मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं. एक म्हणतो बंद खोलीत शब्द दिला होता, दुसरा म्हणतो दिलाच नव्हता. मग ती पहाटेची शपथ.”

“तर त्याच वर्षी डिसेंबरात हा वराडकर वराडात आला होता, बापाचं गाव बघायला. तिकडे परत गेला आणि फेब्रुवारीत निवडणूक. बहुमत कुणालाच नाही. चार महिने घोळ चालला. शेवटी जूनच्या २७ तारखेला याचा पक्ष आणि मार्टिन म्हणून आहे, त्याचा पक्ष एकत्र आले. शंभर वर्षांची भाऊबंदकी हो, यादवी युद्धापासूनची! सोबतीला ग्रीन पार्टी. आणि ठरलं काय? आधी अडीच वर्षं मार्टिन, मग हा.”

“लेखी?”

“लेखी. डिसेंबर २०२२ उजाडला, मार्टिनने राष्ट्रपतींकडे जाऊन राजीनामा दिला, हा पंतप्रधान झाला आणि मार्टिन याच्या उपपंतप्रधानाच्या खुर्चीत.”

“म्हणजे तुमच्याकडे गणपती एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे, तसंच की!”

“अगदी तसंच. आताही तेच चाललंय. मार्टिन २०२७च्या नोव्हेंबरपर्यंत, मग वराडकरच्याच पक्षाचा हॅरिस. फक्त या वेळी अपक्षांना सोबत घ्यावं लागलं. त्यांना पाठिंबा सरकारला द्यायचा होता आणि बोलायची वेळ विरोधकांच्या वाट्यातली हवी होती. २०२५च्या जानेवारीत त्यावरून इतका आरडाओरडा झाला, की पंतप्रधानाची निवडच दुसऱ्या दिवसावर गेली.”

“म्हणजे तिथेही आपलीच माणसं,” काकू खूश झाल्या.

“मंत्री मात्र मोजके. पंतप्रधान धरून १५च्या वर नेता येत नाही, घटनेतच आहे. आणि नावं सभागृहात वाचून त्यावर मत घ्यावं लागतं. राज्यपालांकडे यादी पाठवली की झालं, असं नाही.”

“१५? महाराष्ट्रात किती गं?”

“४२ झाले २०२४ला.”

“आणि आपल्या दादरा-नगर हवेलीत शून्य!” काकूंनी शेंगेने खांबावर ठोका दिला. “ना विधानसभा, ना मंत्री. प्रशासक आणि एक खासदार. पण आमचा स्वतःचा पंतप्रधान होता हो! तुमच्या वराडकराच्या कितीतरी आधी.”

हे मात्र खरं. १९५४च्या २ ऑगस्टला सिल्व्हासा सुटलं, पोर्तुगीज गेले. पण लगेच भारतात विलीन नाही झालं. सात वर्षं वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. पुढे भारताने बदलानी नावाचे आयएएस अधिकारी दिले. १९६१च्या ११ ऑगस्टला त्यांना एका दिवसासाठी पंतप्रधान केलं, म्हणजे नेहरूंच्या बरोबरीने विलीनीकरणाच्या करारावर सही करता यावी. पंतप्रधानाशी पंतप्रधानच करार करणार, नाही का!

“एकच दिवस,” काकू म्हणाल्या, “पण अडीच वर्षांसाठी कुणी भांडलं नाही.”

“एका दिवसात खातेवाटप तरी कुठलं होणार? मुंबईत २०२४च्या निकालानंतर त्याला महिना होत आला. आणि मग पालकमंत्री!”

“हो गं! त्या रायगडाचं काय झालं शेवटी?” म्हणत काकूंनी दुसरं कोपरही टेकवलं.