फ्लेक्स कसा लिहावा: पुलगावच्या नव्या दुकानदारासाठी

दुकान काढणं सोपं असतं, अडतं ते फ्लेक्सवर काय लिहायचं तिथे. समजा, तुम्ही पुलगावात कापडाचं दुकान टाकलंय.

सुरुवात फोटोंपासून करावी. वर नेते, खाली ‘शुभेच्छुक’ मित्रमंडळ, कोपऱ्यात गॉगल लावलेला पुतण्या. जागा उरलीच तर दुकानात काय मिळतं ते लिहावं. असा फ्लेक्स लागला की फोटोतला प्रत्येक जण तो बघायला येतो. कापड घेत नाही, पण गर्दी ती गर्दी.

आता मजकूर. ‘धमाका सेल’, ‘स्फोटक ऑफर’ इतर गावांत खुशाल लिहा, इथे खोडा. गावाला लागून लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागून स्फोट झाले. आग विझवायला धावलेल्यांपैकी कितीतरी जण परतले नाहीत, आणि आसपासच्या गावांतली माणसं अंधारातच घरं सोडून निघाली. धमाका म्हणजे काय, हे इथल्या गिऱ्हाइकाला तुम्ही सांगायला नको.

‘विदर्भात नंबर एक’ लिहायचा मोह होईल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण त्याची भीती नंतरची. आधी शेजारचा दुकानदार पान चघळत विचारेल, “कोणी मोजलं जी?”

पाटी मराठीत हवी. 2022 पासून लहान दुकानांनाही ते सक्तीचं आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणून ‘लेटेस्ट फॅन्सी कलेक्शन’ ठसठशीत देवनागरीत लिहावं. कायद्यानं अक्षरं मागितली आहेत, शब्द नाहीत.

पत्त्याला मात्र वेळ द्या. प्लॉट नंबर कोणी वाचत नाही. ‘मिलजवळ’ लिहा. कॉटन मिल केव्हाच बंद पडली, तरी पत्ता सांगताना ती अजून तिन्ही पाळ्यांत चालते. ‘आर्वीची छोटी गाडी सुटायची तिथून पुढे’ हेही चालेल. ती गाडी आता धावत नाही, पण म्हातारे बरोबर पोचतात. तरुणांना लोकेशन पाठवा, ते चुकतील.

फ्लेक्स लावायचा कधी? डेपोतल्या नोकरदाराचा पगार महिन्याला होतो, शेतकऱ्याच्या हातात पैसा कापूस विकला की येतो. जूनमध्ये बियाण्याच्या पिशव्या घेऊन निघालेल्या माणसाला पैठणीवर सूट दाखवणारे दुकानदार मी पाहिलेत. त्यांची जिद्द वाखाणण्यासारखी आहे. आणि ‘50 टक्के सूट’ लिहून शेजारी बारीक चांदणी काढू नका. वर्ध्याची गाडी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. चांदणी दिसली की लोक तिकीट काढतात.

हे सगळं गाळून माझ्या ओळखीच्या एका दुकानदारानं शेवटी तीन ओळी फ्लेक्सवाल्याकडे नेल्या: ‘सुती साडी, लुगडं, धोतर. रंग गेला तर परत घेऊ. मिलजवळ, दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी.’

फ्लेक्सवाला बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला.

“भाऊ, अर्धा फ्लेक्स रिकामा राहून रायला. पुतण्याचा फोटो पाठवता काय?”