सातबारा चालला बीकेसीला

लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढतात, वास्तुशांतीचाही तेच काढतात. अमेरिकेच्या व्हिसाचा मुहूर्त मात्र जावई काढतो, आणि तो रात्री दीडलाच निघतो. सांगली गाढ झोपलेली असते तेव्हा न्यू जर्सीत भरदुपार असते. ऑफिसच्या कामात बुडाल्यासारखा चेहरा करून जावई अपॉइंटमेंटच्या पानावर डोळा ठेवून बसलेला असतो. आमच्या कॉलनीतल्या काकांचा फोन सोमवारी रात्री असाच वाजला. गुरुवारी बायोमेट्रिक, शुक्रवारी सकाळी मुलाखत, दोन्ही मुंबईत. ‘घेऊ का? पटकन सांगा, जाईल!’ काका झोपेतच ‘घे’ म्हणाले. त्यांना वाटलं, गॅस सिलिंडर आलाय.

मुलीचं बाळंतपण दोन महिन्यांवर आलेलं. तेव्हा जायचं हे नक्की होतं, फक्त आधी मुंबईला जायचं होतं. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एवढा मुलूख मुंबईच्या अमेरिकन वकिलातीच्या हद्दीत येतो. एवढी हद्द पेशव्यांनाही सांभाळताना दम लागला होता.

स्लॉटची ही हाव उगाच नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत पहिल्यांदा टुरिस्ट व्हिसा मागणाऱ्याला मुलाखतीसाठी ९९९ दिवस थांबायला सांगत होते. म्हणजे बाळंतपणासाठी अर्ज करावा आणि मुंजीला पोचावं. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकी दूतावासानेच सुचवलं की परदेशात कुठे जाणार असाल तर तिथल्या वकिलातीत बघा, बँकॉकला बरं आहे. बँकॉकला कशासाठी गेला होतात याचं घरी पटण्यासारखं उत्तर काही पुरुषांना त्या वर्षी प्रथमच मिळालं. २०२५ च्या सप्टेंबरात तीही वाट बंद झाली: आपापल्या देशात किंवा राहता त्या देशातच मुलाखत द्या. त्याच महिन्यापासून ७९ च्या पुढच्यांची मुलाखतीतून असलेली सरसकट सुटकाही गेली. रांगेचे दिवस मागेपुढे होतात, धसका मात्र कायम आहे. स्लॉट दिसला की घ्यायचा, घरात सुतक असलं तरी.

मंगळवारी सकाळी काकांच्या हॉलमध्ये बैठक बसली. अध्यक्षस्थानी मामा. मामांची पात्रता अशी की त्यांना २००९ साली व्हिसा मिळाला होता. तेव्हा वकिलात ब्रीच कँडीला होती आणि मामा त्या काळाबद्दल स्वातंत्र्यलढ्यासारखं बोलतात. दहा वाजता तात्काळ उघडलं. तीन मोबाइल, एक लॅपटॉप आणि काकूंचा रामरक्षेचा पाठ एवढ्या जोरावर महालक्ष्मी एक्सप्रेसची तीन तिकिटं निघाली. तिसरं मामांचं. ‘मी बाहेर थांबीन. अनुभवी माणूस बाहेर पाहिजे.’

मग उतरायचं कुठे? वकिलात आता बीकेसीत. काकांनी तिथल्या हॉटेलांचे दर बघितले आणि डोंबिवलीच्या बहिणीची माया त्यांना एकदम दाटून आली. बोरिवलीचा भाचा म्हणाला, ‘माझ्याकडे का नाही?’ मुंबईतल्या नातेवाइकांचं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, रुसव्यात मोजायचं असतं. शेवटी मुक्काम डोंबिवलीला आणि येताना जेवण बोरिवलीला असा तह झाला. बीकेसी या दोन्ही ठिकाणांहून लांब आहे हे सांगायचा प्रयत्न एका शाळकरी मुलाने केला, पण त्याला पाणी आणायला पाठवलं. दोघांनाही भडंग न्यायचं ठरलं. भडंगाशिवाय सांगलीकर मुंबईत शिरला तर त्याला परत पाठवतात असा एक समज आहे. तोही एक व्हिसाच.

दुपारी फोटो. ‘अमेरिका का कॅनडा?’ स्टुडिओवाल्याने मान वर न करता विचारलं. दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, आणि २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा बंद. काकूंनी चष्मा काढला, त्यामुळे फोटोत त्या कॅमेरा कुठे आहे ते शोधताना दिसतात.

डीएस-१६० नावाचा अर्ज जावयाने आधीच भरला होता, पण काकांनी तो वाचायला मागितला. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेला माणूस न वाचता सही करत नाही. तुम्ही दहशतवादी संघटनेचे सदस्य आहात काय? अमेरिकेत हेरगिरी किंवा घातपात करण्याचा इरादा आहे काय? नरसंहारात कधी भाग घेतला आहे काय? काकांना हे प्रश्न अपमानास्पद वाटले नाहीत, ढिसाळ वाटले. ‘असा माणूस हो कशाला लिहील? इथे पुरावा जोडा म्हणायला पाहिजे होतं.’ गेल्या पाच वर्षांत कुठले देश पाहिले, या प्रश्नाने घरात वाद पेटला. ज्येष्ठ नागरिक संघाबरोबर पशुपतिनाथाला गेले होते. काकूंच्या मते ती यात्रा, अमेरिकेच्या मते तो परदेश. आणि मग आला तो प्रश्न: आपण एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात काय? मामा सावरून बसले. ‘लिही, शहाण्णव कुळी.’ जावयाने तिकडून ‘नाही’वर टिचकी आधीच मारली होती. मामा अजून त्याच्याशी सरळ बोलत नाहीत.

यानंतर फाईल. अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशन कायदा आहे, त्यातलं २१४(ब) हे कलम आमच्या कॉलनीत पोराटोरांना पाठ आहे. ते म्हणतं की असा व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालावं, तसं नाही हे त्यानेच पटवून द्यावं. म्हणजे काकूंवर काही आरोप नाही, फक्त निर्दोष असल्याचं त्यांनी सिद्ध करायचं आहे. परत येणार याचा पुरावा काय? कॉलनीने मन लावून तो गोळा केला. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, मुदतठेवी, पेन्शनचं पासबुक, सीएचं प्रमाणपत्र, सराफाकडून दागिन्यांचं मूल्यांकन, लग्नाचा फोटो. शेजारच्या वहिनींनी भिशीची वही आणून दिली: ‘काकूंचा नंबर फेब्रुवारीत आहे. तो सोडून त्या कशा राहतील तिकडे?’ खरं सांगायचं तर सगळ्यात सज्जड पुरावा तोच होता, पण मामांनी तो बाद केला.

सातबाऱ्याकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. तासगावकडची तीस गुंठे जमीन, द्राक्षबाग भाऊ बघतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढवलेला. तो कसला, तर मुलीच्या एमएसच्या कर्जाचा. म्हणजे या घराची मुळं इथे किती खोल आहेत हे सांगणाऱ्या कागदावरच, घरातलं माणूस परदेशी पाठवायला ती मुळं गहाण टाकल्याची नोंद आहे. कॉलनीत हे कुणाला विसंगत वाटलं नाही. प्रत्येकाच्या फाईलमध्ये तसाच कागद आहे.

जाण्याच्या आदल्या रात्रीपासून सल्ल्यांचा पूर आला. बाळंतपणाला जातेय म्हणू नका, ते काम धरतात. बाळंतपणालाच जातेय म्हणा, खोटं बोललेलं त्यांना कळतं. हसू नका. हसतमुख राहा. निळी साडी नेसा. काकूंची हैदराबादची बहीण चिलकूरच्या बालाजीला पोचली. त्याला व्हिसा बालाजीच म्हणतात. मागताना अकरा प्रदक्षिणा, मिळाल्यावर एकशे आठ. एवढा पारदर्शक दर दुसऱ्या कुठल्याही खिडकीवर लावलेला नाही. वकिलातीची १८५ डॉलर फी तर व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. काकूंनी तीन रात्री ‘टू मीट माय डॉटर’ घोकलं. ‘डॉटर’ म्हणताना त्यांचा गळा दाटायचा, तेव्हा मामा ओरडायचे, ‘रडायचं नाही! रडली की राहणार म्हणून समजतात!’

गुरुवारी बायोमेट्रिक पार पडलं. काकूंच्या अंगठ्याने थोडा दम काढला. आयुष्यभर भांडी घासलेला तो अंगठा रेशनच्या दुकानातही पटकन उमटत नाही. पण यंत्राने शेवटी त्यांना ओळखलं. शुक्रवारी तिघं पहाटेच डोंबिवलीहून निघून बीकेसीत हजर. वकिलातीत मोबाइल चालत नाही, बॅग चालत नाही. तेव्हा तिन्ही फोन, भडंगाच्या दोन पिशव्या, डबा आणि पाण्याची बाटली मामांच्या ताब्यात. ‘या झाडाखालून हलणार नाही,’ मामा म्हणाले. रांगेत सगळीकडे तीच फाईल दिसत होती, फक्त रंग वेगळे. नाशिकची द्राक्षं, जळगावची केळी, रत्नागिरीच्या कलमांची बाग: अर्ध्या महाराष्ट्राचं महसूल दप्तर बगलेत मारून माणसं उभी होती. तहसीलदार इतक्या सकाळी इतके उतारे एकत्र कधी बघत नसेल.

आत मराठीतून बोलायची सोय होती. घोकलेलं इंग्रजी तसंच राहिलं. कुणाकडे जाताय? ती काय करते? किती दिवस राहणार? काका काय करायचे? काकांनी धरणाचं नाव, त्याची साठवण क्षमता आणि दरवाजांची संख्या सांगायला सुरुवात केली तेवढ्यात अधिकाऱ्याने थँक यू म्हटलं. व्हिसा मंजूर. पासपोर्ट तिथेच राहिले. फाईलचे बंद उघडलेसुद्धा नाहीत. काकांनी ती काचेला टेकवून एकदा दाखवून पाहिली. पण पुढचा माणूस पुढे आला होता. त्याच्या हातातही सातबाराच होता.

बाहेर आले तर झाडाखाली मामा नाहीत. तिथे थांबू नका म्हणून कुणीतरी त्यांना हलवलं होतं. चार दिवस मिनिटामिनिटाची आखणी केलेल्या मोहिमेत तीन मोबाइल होते आणि तिन्ही मामांच्या खिशात. कुणाचा नंबर तोंडपाठ असण्याचे दिवस गेले. काकूंना एकच नंबर पाठ होता, मुलीचा, न्यू जर्सीचा. एका रिक्षावाल्याच्या फोनवरून त्यांनी मुलीला मेसेज केला, मुलीने तिथून मामांना फोन लावला आणि दोनशे पावलांवर भडंगाच्या पिशवीवर बसलेले मामा अमेरिकेच्या मदतीने सापडले.

परतीच्या गाडीत मामांनी ब्रीच कँडीचा इतिहास पुन्हा काढला, आणि यावेळी तो कामाचा निघाला. ती जुनी वकिलात, लिंकन हाऊस, म्हणजे मूळचा वांकानेर संस्थानच्या राजांचा महाल. अमेरिकेने तो १९५७ साली भाड्याने घेतला. किती मुदतीसाठी? ९९९ वर्षं. काकूंना सहा महिन्यांनंतर नक्की परत जाल ना, असं विचारणाऱ्या देशाने स्वतः मुंबईत समुद्राकाठी राहायची सोय केली होती ती थेट सन २९५६ पर्यंत. त्या वेळी आपण त्यांच्याकडे सातबारा मागितला नाही. पुढे २०११ साली ते बीकेसीत हलले, हा भाग वेगळा. परत जाण्याचा नव्हे, पण निदान जागा सोडण्याचा पुरावा त्यांनी चोपन्न वर्षांत दिला.

तेव्हा २१४(ब) वर चिडण्यात अर्थ नाही. आपण सगळे कायमचे जाणार हे गृहीत धरून वॉशिंग्टन चालतं, तसंच सांगलीही चालते. इंग्रजी शाळेचा प्रवेश त्याच गृहीतावर, कोटामधला क्लास त्याच गृहीतावर, ‘मुलगा बाहेर असेल तर बरं’ हे स्थळाचं पत्रकही त्यावरच. वीस वर्षं आपण घर झाडून माणसं बाहेर पाठवतो आणि मग एका शुक्रवारी सकाळी काचेपलीकडच्या माणसाला शपथेवर सांगतो की या घराला देशाबाहेरचं आकर्षण म्हणून कसलं ते नाही. तो अधिकारी कागद बघत नाही यात त्याचा आळस नसावा. सौजन्य असावं.

काकू पुढच्या महिन्यात निघतील आणि भिशीच्या नंबराआधी परत येतील, यावर कॉलनीत कुणीही पैज लावायला तयार आहे. फाईल मात्र घरी राहिलेली नाही. कोपऱ्यावरच्या जोशीवहिनींच्या लेकाने कालच रात्री दीडला त्यांच्यासाठी स्लॉट धरला. त्या धावत आल्या, कागद कुठल्या क्रमाने लावायचे ते बघून घेतलं, सीएचा पत्ता घेतला, फोटोवाल्याचा घेतला. सातबाऱ्यापाशी तेवढ्या थबकल्या. तो त्यांना जमणार नव्हता. त्यांची जमीन त्यांनी मागच्याच वर्षी विकली, लेकाच्या तिकडच्या फीसाठी.